देशबंधू पार्कचे तळे आणि इंग्लिश खाडी

आपल्याकडे पोहणे शिकतात ते विहिरीत. पाठीला भोपळा बांधून मामाने काठावरून ढकलून द्यावे, दोन घोट पाणी नाकातोंडात जावे आणि आठ-पंधरा दिवसांत भोपळा सुटावा, हा आमच्या पोहण्याचा श्रीगणेशा. तेवढ्यावर आम्ही स्वतःस पट्टीचे पोहणारे समजत होतो. पुढे नोकरीने कलकत्त्यास आणले. उत्तर कलकत्त्यातील देशबंधू पार्कच्या तळ्यात १३ एप्रिल १९५९ रोजी अठरा वर्षांची एक मुलगी सलग आठ तास पोहत होती असे कळले, तेव्हा आमची इयत्ता कोणती हे आम्हांस उमगले.

ती मुलगी म्हणजे आरती साहा. पोहण्याचे पहिले धडे तिने हुगळीच्या चांपातला घाटावर काकांबरोबर स्नानास जाताजाता गिरवले. पुढे सचिन नाग यांच्यासारखा गुरू लाभला. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला मुंबईच्या डॉली नझीर यांच्याबरोबर ती गेली तेव्हा तिला बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. परंतु तलावातील शर्यत मिनिटांत संपते. खाडीत तास मोजावे लागतात. १९५८ मध्ये पूर्व बंगालचे ब्रजेन दास आणि आपले मिहिर सेन यांनी इंग्लिश खाडी पार केली. मिहिर सेन बॅरिस्टरीसाठी विलायतेस गेलेले गृहस्थ. त्यांचे आधीचे प्रयत्न फसले होते, आणि २७ सप्टेंबरला १४ तास ४५ मिनिटांत ते पलीकडे पोहोचले. या दोघांच्याही उत्तेजनाने आरतीने खाडीचा ध्यास घेतला. पैशाची अडचण होतीच. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांनी जातीने लक्ष घालून अकरा हजार रुपयांची व्यवस्था केली.

आता तयारी ती काय? आठ तासांमागून तिने सलग सोळा तास पोहण्याचा सराव केला. तळ्याने तिला एवढे शिकवले: वेळ. हात एका लयीत चालत राहावेत, झोप आवरावी, आणि मनाने घड्याळ पाहणे सोडून द्यावे. याहून अधिक काही शिकवणे त्या तळ्यास शक्य नव्हते. एप्रिलातील कलकत्त्याचे पाणी कोमट, तर खाडीचे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरातही पंधरा ते अठरा अंश सेंटिग्रेडच्या घरात. अंगास चरबी फासली तरी तो गारठा हाडांत शिरतो. त्याची सवय त्याच पाण्यात करावी लागते. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. खाडीची सर्वांत कमी रुंदी सुमारे एकवीस मैल. पण दर सहा तासांच्या सुमारास प्रवाह दिशा बदलतो आणि पोहणाऱ्यास बाजूला ओढून नेतो. म्हणून नकाशावरची सरळ रेघ पाण्यात नागमोडी होते. शिवाय नावेस हात लावता येत नाही. खाणेपिणे तिच्यावरून दिले जाईल ते तरंगतच घ्यायचे.

२४ जुलै रोजी डॉ. अरुण गुप्त यांना व्यवस्थापक म्हणून बरोबर घेऊन ती निघाली. खाडीतील सराव सुरू झाला १३ ऑगस्टला, आणि शर्यत ठरली होती २७ ऑगस्टला. जन्मभर उबदार पाण्यात वाढलेल्या शरीरास गारठ्याची ओळख करून देण्यास जेमतेम पंधरवडा! आमच्या मते तयारीतील खरी उणीव हीच होती. तथापि त्या दिवशी घात केला तो दुसऱ्याच गोष्टीने. फ्रान्सच्या केप ग्री नेवरून निघताना वाट दाखवणारी नाव चाळीस मिनिटे उशिरा आली. चाळीस मिनिटांचे ते काय, असे कचेरीत आपण सहज म्हणतो. पण भरती कोणाकरिता थांबत नाही. इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला असता प्रवाह उलटला. दुपारी चारपर्यंत झगडून तिला दोनच मैल कापता आले, आणि अखेर पाण्याबाहेर यावे लागले.

पुढचा महिना आम्हांस सर्वांत विशेष वाटतो. परमुलूख, हवा दिवसेंदिवस थंड होत चाललेली, व्यवस्थापक आजारी. बदलीच्या गावी एकट्याने आजारपण काढलेल्या आमच्या वाचकांस यातील अवघडपण निराळे सांगावयास नको. त्या महिन्यात तिने सराव सोडला नाही. देशबंधू पार्कने जे दिले नव्हते ते, थंडी आणि प्रवाह, या वाढीव दिवसांत अंगवळणी पडले असले पाहिजे, असा आमचा तर्क आहे.

२९ सप्टेंबरला ती पुन्हा केप ग्री नेवरून पाण्यात उतरली. एकोणिसावे वर्ष पुरे होऊन पाचच दिवस झाले होते. एकवीस मैलांच्या त्या खाडीत तिचे पोहणे भरले बेचाळीस मैल. १६ तास २० मिनिटांनी इंग्लंडातील सँडगेटच्या किनाऱ्यास तिचे पाय लागले. इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती पहिली आशियाई स्त्री. सोळा तासांच्या त्या सरावापेक्षा हा वेळ वीसच मिनिटांनी अधिक होता.