चिकूच्या पेटीचे वजन

डहाणूचा माणूस कुणाकडे हात हलवीत जात नाही. घोलवडचे चिकू नेतो. आगगाडीत कधी अडले नाही. स्लीपरला चाळीस किलो सामान फुकट!

२००३ साली कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने विमान आपल्या आवाक्यात आणले. खाणेपिणे तेवढे विकत. पुढे २०१३ साली सामान, आसन यांचे वेगळे पैसे घ्यायची मुभा सरकारने दिली आणि बहुतेक खासगी कंपन्यांत २० किलोचे १५ झाले. २०१६ साली विमान महासंचालनालयाने वरच्या पाच किलोंसाठी किलोला १०० रुपयांची मर्यादा घातली. २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

त्यानंतर दिल्लीला लेकीकडे निघालो. तलासरीच्या मित्राने पेटी सुतळीने घट्ट बांधून दिलेली. काट्यावर तीन किलो जास्त भरले. आकडा ऐकला, तेवढ्यात घोलवडला आणखी एक पेटी आली असती! गाठ सोडायलाच दहा मिनिटे गेली. मग रांगेतल्यांना मूठ मूठ चिकू वाटले. कच्चेच होते. प्रत्येकाला सांगत होतो, ‘‘तीन-चार दिवस कागदात गुंडाळून ठेवा हं.’’