सांदीतली संधी

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याची भिंत आणि शेजारच्या वाड्याची भिंत यांच्यामध्ये हातभर रुंदीची सांद होती. वरून पागोळ्या गळायच्या, खाली शेवाळ आणि हरवलेले चेंडू. चेंडू सांदीत गेला की डाव तिथेच थांबायचा. अंग चोरून आत शिरू शकेल असा एकच बारका गडी आमच्यात होता. तो त्या दिवशी आला नसेल तर सगळे घरी. वाडा पडला, सांदही गेली. ‘सांदीकोपऱ्यात पडलं असेल, बघ’ हे मात्र घराघरांत अजून ऐकू येते.

ही सांद संस्कृत ‘संधि’ची लेक. सम् म्हणजे एकत्र, धा म्हणजे ठेवणे. दोन वस्तू लावून ठेवल्या की जिथे भेटतात ती जागा. सांधा आणि सांधणे तिथूनच आले. वैयाकरणाचा स्वरसंधी, वैद्याचा संधिवात, उजेड-अंधाराच्या मधला संधिप्रकाश, दोन राजांमधला संधी म्हणजे तह, सारी एकाच घरातली मंडळी. जोड आणि जोडातली फट या दोहोंना एकच शब्द आहे, आणि बांधकाम पाहिलेल्याला त्यात नवल वाटणार नाही. दोन दगड कितीही घट्ट बसवा, मध्ये बारीक रेघ राहतेच. गवंडी तिला दरज म्हणतो आणि चुन्याने किंवा सिमेंटने दरजा भरतो. दरज फारसी आहे, मूळ अर्थ शिवण; शिंप्याला दर्जी म्हणतात ते त्यावरूनच. ‘कामाचा दर्जा’ मधला दर्जा वेगळा, तो अरबी, पायरी या अर्थाचा. तरी कामाचा दर्जा दरजांवरून कळतो, हे कोणताही जुना मिस्त्री सांगेल.

संधीचा ‘योग्य क्षण’ हा अर्थ संस्कृत कोशांतही सापडतो, पण तो घरचा केला मराठीने. हिंदीत संधि म्हणजे तह किंवा व्याकरणातला नियम; नोकरीसाठी तिथे अवसर किंवा मौका लागतो. आपण लिंगही बदलले: व्याकरणातला तो संधी, आयुष्यातली ती संधी. कर्वेनगरच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयासारख्या पुण्यातल्या वास्तुकलेच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना ज्या संधी खुणावतात, त्या बहुधा तीन नावांनी येतात: स्पर्धा, कार्यशाळा, महोत्सव. हे तिन्ही शब्द मुळापासून पाहिले की एक गोष्ट सतत जाणवते. यातला एकही शब्द एकट्या माणसाचा नाही.

स्पर्ध् हा धातू वेदकाळापासूनचा आहे. युरोपातल्या मृत गॉथिक भाषेत त्याचा एक भाऊबंद आढळतो आणि त्याचा अर्थ शर्यतीचे मैदान असा आहे. म्हणजे स्पर्धेत धावणाऱ्याइतकीच जमीनही महत्त्वाची. ‘शर्यत’ अरबी ‘शर्त’मधून आली. स्पर्धेच्या पत्रकाखाली ‘अटी व शर्ती’ असे बारीक अक्षरात छापतात, तेव्हा तिथे शर्यतच छापलेली असते. वास्तुस्पर्धेत खरा कस त्या शर्तींचा लागतो. जागा कोणती, तिथे आज कोण राहते, पहिला आलेला आराखडा बांधणार का, हे तिथेच ठरते. देशभरच्या वास्तुकला-विद्यार्थ्यांच्या ‘नासा’ या संघटनेच्या स्पर्धांत लुई कान यांच्या नावाची ट्रॉफी दस्तऐवजीकरणासाठी आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. तिच्यासाठी नवे काही कल्पायचे नसते. जे उभे आहे ते टेप आणि ओळंबा घेऊन मोजायचे, कागदावर आणायचे. जुन्या वाड्याची एक तुळई मोजताना मुलांना कळते की तिचे टोक भिंतीत किती आत गेले आहे. सांधा हाताला लागतो.

पुणे शहर स्वतःही एकदा स्पर्धेत उतरले. जून २०१५मध्ये स्मार्ट सिटी योजना सुरू झाली आणि जानेवारी २०१६मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी लागली तेव्हा भुवनेश्वर पहिले, पुणे दुसरे. क्षेत्रविकासासाठी औंध-बाणेर-बालेवाडी निवडले गेले. दुसऱ्या क्रमांकाचा आनंद मलाही झाला होता. पण सांद, बोळ, आळी, गल्ली हे शब्द ज्यांनी शहराला दिले त्या पेठा त्या आखणीच्या बाहेर राहिल्या, याची खंत आजही आहे. जोगेश्वरीच्या बोळात उभे राहून जे शिकता येते ते मोकळ्या भूखंडावर येत नाही.

‘कार्यशाळा’ हा शब्द इंग्रजीवरून घडवलेला असला तरी त्याची दोन्ही अंगे जुनी आहेत. शाळा म्हणजे आधी नुसते छप्पर: गोशाळा, धर्मशाळा. अथर्ववेदात शालेचे एक सूक्त आहे. त्यात घराच्या खांबांच्या, आधारांच्या गाठी सोडण्याची भाषा येते. बांधलेले घर सोडवून दुसरीकडे नेता येत असे. चार दिवसांची कार्यशाळा त्या घराची आठवण करून देते. फारसी ‘कार’ आणि आपले ‘कार्य’ एकाच कुळातले, म्हणून कारखाना आणि कार्यशाळा हे एकाच कल्पनेचे दोन पोशाख. मराठा राज्यव्यवहारात अठरा कारखाने होते. त्यांतल्या फरासखान्याकडे सतरंज्या, तंबू, राहुट्या असत. बुधवार पेठेत आज त्या नावाचे पोलीस ठाणे आहे. पत्ता सांगताना आपण ‘फरासखान्याजवळ’ म्हणतो, तेव्हा उचलून नेता येणाऱ्या वास्तूंच्या खात्याचे नाव घेत असतो.

नगररचनाकारांच्या सामूहिक आरेखन-बैठकीला ‘शारेट’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द, अर्थ गाडी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत मुदत संपली की चित्रे गोळा करायला गाडी फिरे आणि विद्यार्थी शेवटच्या रेघा तिच्यामागे धावत मारत, अशी हकिगत सांगतात. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्या पुण्यातल्या मुलांना ती गाडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

फरासखान्यापासून चार पावलांवर दरवर्षी गणपतीचा मांडव पडतो. ‘मंडप’चा मांडव झाला, आणि सजवणे या अर्थाच्या ‘मंड्’ धातूपासून मांडणे, मांडणी आले, अलीकडे ‘मांडणशिल्प’ही. गणेशोत्सव हा पुण्याचा सर्वांत जुना नगररचना-महोत्सव आहे, असे मी मनापासून मानतो. दहा दिवस रस्त्याची रुंदी बदलते, चौकाला छप्पर येते, गर्दीसाठी आत-बाहेरच्या वाटा आखाव्या लागतात. शिल्पकार द. स. खटावकर अभिनव कला महाविद्यालयात शिकवत आणि तुळशीबागेच्या गणपतीचे देखावे उभारत. वर्ग आणि रस्ता असे सांधले गेले, तेव्हा त्याला कोणी महोत्सवाचे पत्रक काढले नव्हते. ‘उत्सव’ शब्दाला ऋग्वेदात उद्यम, आरंभ असा अर्थ कोशकार देतात. काही सुरू होते म्हणून जमायचे. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन साजरा केला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला, तेव्हा त्या जुन्या अर्थाने तो उत्सव होता. रस्त्याच्या मधोमध माणसे नुसती उभी राहून वरचे सज्जे पाहत होती. इतकी वर्षे त्या रस्त्याने जाऊनही अनेकांना ते दिसले नव्हते.

संधीचा आणखी एक अर्थ राहिला. चोराने भिंतीला पाडलेले भगदाडही संस्कृतात संधीच. ‘मृच्छकटिक’ नाटकात शर्विलक नावाचा चोर रात्री चारुदत्ताच्या घरी येतो. भिंत कुठे पाण्याने भुसभुशीत झाली आहे ते हाताने चाचपतो. मोजायची दोरी विसरलेला असतो, म्हणून गळ्यातल्या जानव्यानेच माप घेतो. आकार कोणता द्यावा यावर थांबून विचार करतो: उमललेले कमळ, चंद्रकोर, स्वस्तिक की पूर्णकुंभ? भिंत विटांची आहे, तिला काय शोभेल? उद्या सकाळी शेजारीपाजारी जमून हे काम पाहतील, ही काळजी त्याला असते. ज्याने सांद मोजली, भिंतीचा स्वभाव ओळखला आणि पाहणाऱ्यांचा विचार केला असा हा कारागीर. पुढे चारुदत्त जागा होतो. घर लुटले गेले आहे. तो भगदाडासमोर उभा राहतो आणि काय चोरीला गेले ते कळण्याआधी त्याच्या तोंडून त्या संधीच्या देखणेपणाची तारीफ निघते.