मानांकन शाखेचे असते, इमारतीचे नव्हे

सीईटीचा निकाल लागला की भिवंडीच्या नाक्यानाक्यावर इंजिनिअरिंग कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. मान्यताप्राप्त, संलग्न, मानांकित असे तिन्ही शब्द एकाच ओळीत. वाचणाऱ्याला वाटते, एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे.

तसे नाही. एआयसीटीईची मान्यता हा अभ्यासक्रम चालवण्याचा परवाना. मुंबई विद्यापीठाची संलग्नता असली की पदवी त्या विद्यापीठाची मिळते. मानांकन देणाऱ्यांपैकी नॅक संपूर्ण संस्था तपासते. एनबीए मात्र एकेक शाखा वेगळी तपासते: प्राध्यापक किती, प्रयोगशाळा कशा, मुले वेळेत पास होतात का. हे मंडळ 1994 मध्ये एआयसीटीईने काढले आणि 2010 पासून ते स्वायत्त आहे. त्यामुळे एकाच इमारतीत मेकॅनिकल मानांकित आणि शेजारचे कॉम्प्युटर बिनमानांकित, असे सहज घडते. नव्याने उघडलेल्या शाखेला तर दोन तुकड्या बाहेर पडेपर्यंत अर्जच करता येत नाही. भिवंडीतला व्यापारी गिरणीची पाटी पाहून ग्रे कापड घेत नाही, ताका उलगडतो. इथेही तेच करायचे.

दुसरी गोष्ट मुदतीची, आणि खरी फसगत इथेच होते. मानांकन ठरावीक वर्षांपुरते असते आणि त्याचा लाभ त्या मुदतीत पदवी घेणाऱ्यांना मिळतो. 2026 मध्ये प्रवेश घेणारा मुलगा 2030 मध्ये पास होणार; फ्लेक्सवरचे मानांकन 2028 मध्ये संपत असेल आणि पुढे वाढले नाही, तर त्याच्या हाती काय?

हा केवळ कागदी प्रश्न नाही. 2018 मध्ये कुवेतने परदेशी इंजिनिअरांचा निवासपरवाना वाढवताना तिथल्या इंजिनिअर संघटनेचा ना-हरकत दाखला सक्तीचा केला, आणि त्या संघटनेने भारतीय पदव्यांसाठी एनबीएचा निकष लावला. वर्षानुवर्षे नोकरी केलेले लोक अडकले. त्यांतल्या कित्येकांनी पदवी घेतली तेव्हा एनबीए जन्मालाही आले नव्हते.

समिती यायच्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या यंत्रांना ताजा रंग लागतो, हे मी पाहिले आहे. मानांकन म्हणजे उत्तम शिकवण्याची हमी, असे म्हणूनच मी म्हणणार नाही. शिवाय जून 2014 मध्ये इंजिनिअरिंग पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत पूर्ण सदस्य झाला, तरी त्या कराराचा लाभ टियर-1 मानांकनालाच, म्हणजे विद्यापीठे आणि स्वायत्त संस्थांमधल्या अभ्यासक्रमांना आहे. साध्या संलग्न कॉलेजाचे मानांकन टियर-2 मध्ये मोडते. फ्लेक्सवर हा फरक छापलेला मी अजून पाहिलेला नाही.

कॅप या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या ऑप्शन फॉर्मवर प्रत्येक चॉइस कोड कॉलेज आणि शाखा मिळून बनतो. एनबीएच्या संकेतस्थळावरची यादीही शाखावार, मुदतीच्या तारखांसकट आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येक कोडापुढे पेन्सिलीने शेवटची तारीख लिहायला एक संध्याकाळ पुरते.