वार्षिक गीतक्रमावली व मालवणचा किनारा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकरुचीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास सहज उपलब्ध होणारे साधन म्हणजे ‘बिनाका गीतमाले’च्या वार्षिक याद्या होत. साल, चित्रपट, गीताचा क्रमांक इतकी नेमकी माहिती हाती आली म्हणजे तिच्यावर विसंबण्याचा मोह होतो. परंतु नेमके साधन व्यापक असतेच असे नाही. सिंधुदुर्गाच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या दक्षिण रत्नागिरीच्या, किनाऱ्यावरून पाहिले असता हे विशेष जाणवते.

१९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथून ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सायानी यांची गीतमाला सुरू झाली. प्रारंभी तिचे स्वरूप स्पर्धेचे होते. क्रमवारी पुढे आली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई व फिती कोलंबोस रवाना होत. मुंबईत जन्मलेले गाणे मालवणास सिंहलद्वीपमार्गे पोहोचावे, हा सरकारी धोरणाचा विलक्षण परिणामच म्हटला पाहिजे!

आता क्रमांक ठरत कसा, हे पाहू. ध्वनिमुद्रिकांचा खप आणि श्रोतृसंघांची मते हे त्याचे मुख्य आधार. म्हणजे ज्याने तबकडी विकत घेतली, किंवा पत्र धाडले, त्याची गणना झाली. दुकानाच्या पडवीत उभा राहून परक्याच्या यंत्रावर गाणे ऐकणारा या हिशेबात येत नाही. शिवाय मोजणी हिंदी चित्रपटगीतांचीच. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून गदिमा व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ चालले. त्याची छप्पन्न गीते मराठी घरांत दृढमूल झाली. तथापि त्या वर्षीच्या यादीत अग्रस्थानी आहे ते ‘श्री ४२०’ मधील गीत, आणि गीतरामायणास तेथे स्थान असणे शक्यच नव्हते. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांतून रंगणाऱ्या दशावताराच्या पदांचीही तीच स्थिती. किनाऱ्यावरील संगीताचे वर्ष जत्रांनी मोजले जाई, डिसेंबरअखेरच्या यादीने नव्हे.

यावरून याद्या टाकाऊ ठरतात असे नव्हे. बाजार व पत्रव्यवहार यांच्या कक्षेतील रुचीचा इतका सलग पुरावा अन्यत्र क्वचितच मिळेल. मात्र त्यांतील ‘लोक’ कोण, हा प्रश्न दर वेळी विचारावयास हवा. या संदर्भात कुडाळनजीकच्या सोनवडे गावी १९१२ साली जन्मलेल्या वसंत देसाई यांचे उदाहरण बोलके आहे. १९५३ पासून १९७५ मधील त्यांच्या निधनापर्यंत त्यांचे एकही गीत वार्षिक यादीच्या शिरोभागी आले नाही. १९५७ साली तो मान ‘जनम जनम के फेरे’ मधील गीतास मिळाला. त्याच वर्षीच्या ‘दो आँखे बारह हाथ’ या शांतारामांच्या चित्रपटासाठी देसाई यांनी एका प्रार्थनेस चाल दिली. ती प्रार्थना पुढे शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. आणि प्रार्थनेसाठी रांगेत उभी राहिलेली मुले तबकड्या विकत घेत नाहीत, की पत्रही धाडीत नाहीत.