सांध्यावरची जकात

मिरजेहून म्हैसाळवरून कागवाडकडे जाताना एक हद्द लागते. ऊस इकडे जसा, तसाच तिकडे. बोलीही पुष्कळशी तीच. पाटीवरची अक्षरे बदलली नसती, तर महाराष्ट्र संपून कर्नाटक सुरू झाल्याचे पुष्कळांच्या ध्यानातही आले नसते. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी खिशातला मोबाईल फोन ही हद्द बिनचूक ओळखत असे. तो टुणकन वाजे, परमुलुखात आपले स्वागत असल्याचा निरोप येई, आणि त्या क्षणापासून आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडू लागत. गंमत अशी की हद्दीलगतच्या गावांतून पुष्कळांना त्यासाठी कुठे जावेही लागत नसे. पलीकडच्या मनोऱ्याचा जोर अधिक असला, की आपल्याच ओसरीवर बसलेला मनुष्य कंपनीच्या वहीत प्रवासी म्हणून लिहिला जाई.

ही हवेतली हद्द कोणी आखली आणि तिच्यावरची जकात कोणाच्या खिशातून गेली, हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडलेला नाही. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. ज्यांची माणसे एका गावी आणि पोट दुसऱ्या गावी, अशांच्यात आमचा जन्म गेला. त्यांच्या तक्रारींतून हा प्रश्न पुढे आला, आणि मग मिळेल ते वाचून त्याचा माग काढणे भाग पडले. त्यात सापडले ते श्रोत्यांपुढे ठेवतो.

दोन जाळी एकमेकांना जोडायची म्हणजे कोठे तरी सांधा आला. पहिल्या काळात हा सांधा म्हणजे चक्क माणूस होता. १८५० नंतरच्या दशकात फ्रान्स आणि बाडेन ह्या दोन राज्यांनी स्ट्रासबुर्ग येथे संयुक्त तारकचेरी उघडली. फ्रेंच कारकून आपल्या यंत्रावर आलेली तार कागदावर उतरून घेई, तो कागद शेजारी बसलेल्या बाडेनच्या कारकुनाच्या हाती देई, आणि तो ती आपल्या तारेवरून पुढे पाठवी. यंत्रे वेगळी, दर वेगळे, हिशेब वेगळे. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १८६५ साली पॅरिस येथे वीस राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन केला. हिंदुस्थान त्यात १८६९ पासून आहे.

आपल्याकडच्या लोकांना हा प्रकार आगगाडीवरून चटकन उमगेल. मुंबईहून पुण्यापर्यंत रूळ रुंद आणि पुण्याहून मिरजेकडे मीटर गेजचे. सांगलीची हळद आणि गूळ मुंबईस जायचा, तर पुण्याला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. १९७० च्या सुमारास मिरज मार्ग रुंद झाला तेव्हा कोठे हे थांबले. तोवर दोन रेल्वे जोडण्याचे काम हमालाची पाठ करीत होती. सांध्याला खर्च असतो आणि तो कोणी तरी सोसतो, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत तर सांधा मुद्दाम होऊ दिला जात नव्हता. गेल्या शतकाच्या आरंभी तेथील कित्येक गावांत दोन-दोन टेलिफोन कंपन्या होत्या आणि एकीचा फोन दुसरीला लागत नसे. दुकानदार बिचारा गल्ल्याशेजारी दोन यंत्रे ठेवी आणि दोन बिले भरी. मोठी कंपनी ‘ए. टी. अँड टी.’ हिच्याकडे लांब पल्ल्याच्या तारा होत्या. लहान कंपन्यांना त्या जोडून देण्यास ती राजी नव्हती. सरकार मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा उगारते आहे असे दिसल्यावर, १९१३ च्या डिसेंबरात कंपनीचे उपाध्यक्ष किंग्जबरी यांनी लेखी हमी दिली, की स्वतंत्र कंपन्यांची गिऱ्हाइके आमच्या लांबच्या तारांवरून बोलू शकतील. अर्थात वेगळी फी घेऊनच! ह्या कंपनीचे नाव पुढे आपल्या साताऱ्यापर्यंत येणार आहे, म्हणून ते लक्षात असू द्यावे.

आपल्या देशात मात्र तारेला असा सांधा फारसा नव्हता. ह्या दोन जिल्ह्यांच्या मुलखात सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थाने इंग्रजी अमलात ठिपक्यांसारखी विखुरलेली. कायदे निराळे, जकाती निराळ्या. पण तारखाते हिंदुस्थान सरकारचे, आणि १८८५ चा तारकायदा त्याच्या पाठीशी. स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. तार आणि टेलिफोन सरकारी खात्याचेच राहिले. सांधा होता तो ट्रंक ऑपरेटरच्या बोटांत. कॉल नोंदवायचा आणि घंटेची वाट पाहत बसायचे. घाई असली तर अर्जंट, त्याहून घाई असली तर लायटनिंग, असे चढते दर. १९६० साली लखनौ-कानपूर ह्या मार्गावर ऑपरेटरविना परगावी फोन लावण्याची सोय झाली. ती आपल्याकडे पसरल्यावर सातारा ०२१६२, कऱ्हाड ०२१६४, सांगली ०२३३ हे आकडे लोकांना घराच्या पत्त्यासारखे पाठ झाले.

त्या सरकारी खात्याची आरती ओवाळण्याचा आमचा मानस नाही. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पण एक खरे, की आपण कोणाच्या जाळ्यातून कोणाच्या जाळ्यात चाललो, असा प्रश्न त्या काळी साताऱ्याच्या माणसाला पडत नव्हता. देश एक, खाते एक.

पहिली चीर १९८६ साली पडली. मुंबई आणि दिल्ली येथील टेलिफोन वेगळे काढून महानगर टेलिफोन निगम केला गेला. मग १९९४ चे दूरसंचार धोरण आले, आणि मोबाईलचे परवाने देण्यासाठी देशाचे तुकडे आखले गेले. त्यांना सर्कल म्हणतात. ह्या आखणीकडे महाराष्ट्राच्या सभांतून जितके लक्ष जायला हवे होते, तितके गेले नाही असे आमचे मत आहे. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण हे एक सर्कल. उरलेला महाराष्ट्र आणि त्याला जोडून गोवा हे दुसरे. ज्या मुंबईसाठी १०६ माणसांनी प्राण दिले, ती परवान्याच्या नकाशावर पुन्हा महाराष्ट्राबाहेर गेली! त्यात कटकारस्थान नव्हते. मुंबईत पैसा अधिक, म्हणून तिचा लिलाव वेगळा, इतका साधा व्यापारी हिशेब. पण रेघ ओढली गेली ती आमच्या लोकांच्या काळजावरून. पाटण-जावळीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरणीत, गोदीत, आणि पुढे वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहत आली. त्यांचे घर एका सर्कलमध्ये आणि पाठ दुसऱ्या सर्कलमध्ये.

महाराष्ट्र सर्कलचे पहिले दोन परवाने मिळाले ‘बीपीएल’ला आणि ‘बिर्ला ए. टी. अँड टी.’ला. होय, तीच ती १९१३ ची हमी देणारी कंपनी, आता बिर्लांची भागीदार.

आता परमुलुखात गेलेल्या फोनचे काम कसे चालते ते सांगतो, कारण जकातीचे मूळ त्यात आहे. आपल्या खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातले गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. समजा, विट्याचा एक गलाईवाला कोइमतूरला उतरला आणि त्याने फोन चालू केला. फोनमधल्या सिमकार्डात पंधरा आकड्यांची एक ओळख असते. पहिले तीन आकडे देशाचे, म्हणजे आपल्याकडे ४०४ किंवा ४०५. पुढचे कंपनीचे आणि सर्कलचे. कोइमतूरचे केंद्र ते वाचते आणि ओळखते, की हा पाहुणा आहे. मग ते ह्याच्या घरच्या केंद्राला विचारते, हा तुमचाच का, ह्याची पत काय? घरचे केंद्र होकार देते आणि आपल्या वहीत टिपून ठेवते, की आमचा माणूस सध्या कोइमतूरच्या आश्रयाला आहे. हे सारे काही क्षणांत होते.

आता विट्याहून आई त्याला फोन करते. तिने नेहमीचाच नंबर फिरविला. तो कोठे आहे हे त्या नंबरावरून कळत नाही. म्हणून आधी घरच्या वहीत विचारणा होते. घरचे केंद्र कोइमतूरला विचारते. ते तात्पुरता एक नंबर देते, आणि त्यावरून हाक पुढे नेली जाते. म्हणजे एका फोनचे दोन टप्पे झाले, आईपासून मुलाच्या घरच्या केंद्रापर्यंत आणि तेथून कोइमतूरपर्यंत. पहिल्या टप्प्याचे पैसे आईचे. दुसऱ्याचे कोणाचे? आईला त्याचा पत्ताच नाही, तेव्हा तिच्याकडून घेणे अन्यायाचे. म्हणून ते मुलाच्या माथी. युरोपातल्या कंपन्यांनी १९८७ च्या करारापासून ही पद्धत बसवीत आणली, आणि १९९२ साली फिनलंड व इंग्लंड येथील दोन कंपन्यांत असा पहिला करार झाला. कंपन्या एकमेकींच्या पाहुण्यांचा हिशेब ठेवतात, तो परस्परांत वळता करतात आणि उरलेला फरक तेवढा देतात. सांगलीच्या पेठेतल्या जुन्या हुंडीवाल्याला हे सांगितले असते, तर त्याने ‘त्यात नवे काय?’ म्हणून विचारले असते.

युक्तिवाद बिनतोड आहे. युरोपातला सहलीला गेलेला गृहस्थ डोळ्यांसमोर ठेवला, तर न्यायाचाही आहे. पण वर्षाचे अकरा महिने परगावी राबणाऱ्याला तो लावला, की त्याचा अर्थ पालटतो. आमच्या ओळखीचा पाटण तालुक्यातला एक माथाडी वाशीला होता. फोनमध्ये आगाऊ भरलेले थोडेसे पैसे उरलेले. रात्री गावाहून भावाचा फोन आला, ‘दादा, आबांना कऱ्हाडला दवाखान्यात...’ आणि शिल्लक संपून फोन तुटला. दुकाने बंद. तो पहाटेच्या पहिल्या एस. टी.ने निघाला, आबा आहेत की गेले हे ठाऊक नसताना. आबा वाचले, पण ते सहा तास त्याने आम्हाला कितीदा तरी सांगितले आहेत. आम्ही त्याच्या वतीने कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले, की आकारणी नियमानुसार आहे. ती होतीच.

मग लोकांनी आपले उपाय काढले. मिस्ड कॉल द्यायचा आणि बूथवरून उलट फोन करायचा. किंवा दोन सिमकार्डे बाळगायची, एक गावचे, एक मुलखाचे. दोन यंत्रे ठेवणारा अमेरिकेतला दुकानदार आणि दोन सिमे बाळगणारा आमचा गलाईवाला, ह्यांच्यात नव्वद वर्षांचे अंतर आहे; अडचण एकच.

जकात उतरली ती एका दिवसात नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ साली स्थापन झाले. १ मे २००३ पासून आपल्या सर्कलमध्ये येणारे फोन फुकट झाले; तोवर घरी बसून ऐकण्याचेही पैसे पडत. २००५ साली मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यामधला फोन राज्यातलाच धरण्याची वाट मोकळी झाली. पण पाहुणेपणाची आकारणी राहिलीच. २००७ साली प्राधिकरणाने तिला कमाल मर्यादा घातली, येणाऱ्या फोनला मिनिटास १ रुपया ७५ पैसे. २०१३ मध्ये ती ७५ पैसे झाली, २०१५ मध्ये ४५. त्याच २०१५ च्या जुलैपासून सर्कल बदलूनही जुना नंबर राखता येऊ लागला. २०१७ च्या सुमारास, स्पर्धेच्या रेट्याने, ही आकारणी देशांतर्गत जवळजवळ नाहीशी झाली.

सांध्याचा दुसरा पैसा गिऱ्हाइकाला दिसत नसे. एका कंपनीचा माणूस दुसरीच्या माणसाला फोन करतो, तेव्हा पहिलीने दुसरीला ऐकविण्याचे शुल्क द्यायचे. २००४ पासून ते मिनिटास ३० पैसे होते, २००९ मध्ये २०, २०१५ मध्ये १४, २०१७ मध्ये ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. जुन्या कंपन्या म्हणत, फोन पोचविण्याला खर्च येतो, तो आम्ही का सोसावा? नवी म्हणे, हे शुल्क म्हणजे जुन्यांच्या चैनीची सोय. दोन्ही पक्ष आपापल्या गल्ल्याकडे पाहून तत्त्व सांगत होते. ज्यांच्याकडे येणारे फोन अधिक, त्यांना शुल्क प्रिय. ज्यांचे जाणारे अधिक, त्यांना अप्रिय.

आणि शुल्कावर न भागले तर सांधाच अरुंद ठेवता येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ सुरू झाली, तेव्हा तिचे कोट्यवधी फोन जुन्या कंपन्यांच्या जाळ्यांत शिरेनात. नियम असा, की सांध्यावर हजारात पाचांहून अधिक फोन अडता कामा नयेत. प्रत्यक्षात किती तरी पटींनी अडत होते. जुन्या म्हणाल्या, एकदम एवढे लोंढे आणल्यावर आम्ही काय करावे? प्राधिकरणाने मुद्दाम अडवणूक झाल्याचा निष्कर्ष काढून ऑक्टोबर २०१६ मध्ये तीन कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. १९१३ साली अमेरिकेत चाललेले भांडण ते हेच.

आता उलट दिशेचा प्रवास चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने, सरकारी निधीतून दुर्गम भागात उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांवर एकापेक्षा अधिक कंपन्यांची गिऱ्हाइके बोलू शकतील अशी योजना सुरू केली. कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्याला, किंवा २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर चढली तेव्हा माडीवर अडकलेल्या सांगलीकराला, समोरचा मनोरा कोणत्या कंपनीचा आहे ह्याच्याशी काय कर्तव्य? अशा वेळी मनोरा सर्वांना खुला करण्याची युक्ती जुनीच आहे. आपल्याच मुलखात दुसऱ्या कंपनीच्या घरी पाहुणे व्हायचे, एवढेच. अडत होते ते हिशेबावर.

सर्कलची रेघ मात्र पुसलेली नाही. ध्वनिलहरींचे लिलाव आजही मुंबईचे वेगळे आणि महाराष्ट्राचे वेगळे होतात. वाशीतला आमचा माथाडी आता निवृत्त होऊन पाटणला असतो. त्याचा मुलगा त्याच बाजारात आहे. रोज रात्री दोघे तासभर बोलतात. दुसरे सिमकार्ड त्याने अजून पाकिटात ठेवले आहे.