रक्तदात्यांची यकृतदाह-सी तपासणी : एका विलंबाचा इतिहास

प्रास्ताविक

रुग्णाला चढविल्या जाणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीमागे आज पाच सक्तीच्या तपासण्या असतात : एचआयव्ही, यकृतदाह-बी, यकृतदाह-सी, उपदंश व हिवताप. जतसारख्या दुष्काळी तालुक्यातील रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अथवा अवघड बाळंतपणासाठी मिरजेचा रस्ता धरतो. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले, तेव्हापासूनची ही वहिवाट आहे. रात्री धावपळ करून पिशवी मिळविणाऱ्या नातेवाइकाला ही यादी वाचण्यास सवड नसते. यादीतील यकृतदाह-सीचे नाव मात्र भारतात २००१ मध्ये सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या दशकाचा हा आढावा आहे.

नाव नसलेला आजार

बारूख ब्लमबर्ग यांनी १९६५ मध्ये ज्या प्रतिजनाचा शोध जाहीर केला, त्यातून पुढे यकृतदाह-बीची तपासणी शक्य झाली. तथापि ती लागू झाल्यावरही रक्त घेतलेल्या अनेकांना कावीळ होतच राहिली. अमेरिकेत हार्वे ऑल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, यांपैकी बहुतेक रुग्णांत 'ए' व 'बी' हे दोन्ही विषाणू नाहीत. तेव्हा या आजारास 'ना-ए, ना-बी' असे नकारात्मक नाव मिळाले. ज्याची ओळख पटलेली नाही, त्याची तपासणी तरी कशी करावयाची ?

त्याही स्थितीत एक उपाय हाती होता. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांना वगळून केवळ स्वेच्छा रक्तदात्यांचे रक्त वापरू लागताच ऑल्टर यांच्या रुग्णालयातील रक्तसंक्रमणोत्तर काविळीचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांच्या आसपास उतरले. हा बदल १९७० च्या सुमाराचा आहे, म्हणजे विषाणू सापडण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधीचा. भारतीय संदर्भात ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

मायकेल हॉटन, क्यू-लिम चू व जॉर्ज कुओ यांच्या गटाने १९८९ मध्ये विषाणू न पाहता व न वाढविता, बाधित चिंपांझीच्या रक्तद्रवातील जनुकीय अंशांवरून तो ओळखला. त्याच वर्षी जपानने, १९९० मध्ये अमेरिकेने व १९९१ मध्ये ब्रिटनने रक्तदात्यांची प्रतिपिंड तपासणी सुरू केली.

भारतातील अकरा वर्षे

भारतात त्या वेळी मूळ प्रश्नच निराळा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 'कॉमन कॉज' खटल्यातील निकालात (४ जानेवारी १९९६) उद्धृत झालेल्या १९९० च्या अहवालानुसार देशातील १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना होत्या. न्यायालयाच्या आदेशानुसार राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषद स्थापन झाली व १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. यकृतदाह-सीची सक्ती त्यानंतर आली. प्रत्येक पिशवीमागे आणखी एका आयात संचाचा खर्च वाढणार होता, हे खरे. परंतु जो उपाय खर्चाविना शक्य होता, तोही न्यायालयाने सांगेपर्यंत थांबला; या विलंबाचे समर्थन खर्चाच्या आधारे करता येत नाही.

तपासणीची मर्यादा

प्रतिपिंड तपासणी विषाणूचा नव्हे, तर शरीराने त्यास दिलेल्या उत्तराचा शोध घेते. हे उत्तर तयार होण्यास साधारणतः दोन महिने लागतात. या काळात दाता स्वतःस निरोगी समजतो, कारण बहुतेकांना लक्षणेच जाणवत नाहीत. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात व बिंबिका केवळ पाच; त्यामुळे रक्त बाजूस ठेवून दात्यास पुन्हा तपासावे, ही युक्ती गोठविलेल्या रक्तद्रवापुरतीच उपयोगी पडते. विषाणूचे जनुकद्रव्य शोधणारी 'नॅट' तपासणी हा अंधारा काळ एक-दोन आठवड्यांवर आणते. जर्मनी व अमेरिकेत ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. भारतात ती काही रक्तपेढ्यांपुरती राहिली. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाग्रस्त बालकांना ही उणीव सर्वाधिक भोवते. नागपुरातील अशा चार बालकांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले व त्यांतील एक दगावले.

१९९० ते २००१ या काळात रक्त घेतलेल्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. ब्रिटनने १९९५ मध्ये बाधित दात्यांचे रक्त मिळालेल्यांचा शोध आरंभिला. भारतात रक्तपेढ्यांना नोंदी पाच वर्षेच जपण्याचे बंधन आहे. १९९४ च्या दात्याचा माग त्या वहीतून लागणे कठीण. दुसरीकडे, हा आजार यकृतात वीस-तीस वर्षे निमूटपणे वाढू शकतो. २०१८ पासून राष्ट्रीय यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात त्याची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात आणि बहुतेक रुग्ण सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. मात्र त्या दशकातील रुग्णाचा शोध वहीऐवजी त्याच्या किंवा घरच्यांच्या आठवणीपासूनच सुरू करावा लागतो : रक्त चढविले होते काय, कोठे आणि कोणत्या साली.