कोळशाच्या मोटारीची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं आणि आपल्याकडच्या सर्व्हिस मोटारींच्या पाठीला लोखंडी पिंपं लागली. ‘गॅस प्लँट’ म्हणत त्याला. सकाळी क्लीनर त्यात लोणारी कोळसा भरून पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत राहायचा. गॅस धरल्याशिवाय गाडी हलत नसे. काही गाड्या थोड्याशा पेट्रोलवर सुरू करून मग गॅसवर घेत.

या प्रकाराला सर्रास युद्धकाळातला जुगाड म्हणतात, ते मला पटत नाही. इंजिनाचा मूळ आहार गॅसच होता. 1860 सालचं लेन्वारचं इंजिन आणि 1876 सालचं ओटोचं, दोन्ही दिवाबत्तीच्या गॅसवर चालत. डाइमलर आणि बेंझ यांच्या पेट्रोलगाड्या 1885 च्या सुमारास आल्या.

कोळशाऐवजी थेट लाकडापासून गॅस करायचा, तर खरी अडचण होती डांबराची. लाकूड तापलं की धुराबरोबर डांबर सुटतं आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह चिकटवून टाकतं. अल्सेसचा रसायनतज्ज्ञ जॉर्ज अँबेर याने 1920 च्या दशकात यावर देखणा उपाय काढला. त्याने हवा भट्टीच्या मध्यावर आत सोडली आणि गॅस खालच्या बाजूने ओढून घेतला. वाटेत भट्टीचा गळा अरुंद केलेला. तिथल्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना डांबर फुटून त्याचा गॅस होतो. वाफ आणि कार्बन डायऑक्साइडही निखाऱ्यांवर पालटतात. हाती येतात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. मग हा गॅस थंड करायचा, गाळायचा, हवेत मिसळायचा. यातला जवळपास निम्मा भाग निरुपयोगी नायट्रोजन असतो, म्हणून चढावर गाडी दमायची. शिवाय कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा; बंद गॅरेजात प्लँट पेटता ठेवणं म्हणजे मृत्यूला बोलावणं.

साधारण तीन किलो सुकं लाकूड एक लिटर पेट्रोलचं काम करतं. टाकीत महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेल्यातला चिकटा कार्बोरेटर तुंबवतो. कोरडं ठेवलेलं लाकूड मात्र वर्षानुवर्षं टिकतं.

युद्धानंतर पेट्रोल मिळू लागलं आणि प्लँट भंगारात गेले. स्वीडनने मात्र तेलटंचाईची तयारी म्हणून 1957 साली यावर पुन्हा संशोधन हाती घेतलं. रोजच्या वापराला हे इंधन नको, जंगलं उरणार नाहीत. पण आपणही बहुतेक तेल बाहेरूनच आणतो. आपल्या आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी अँबेरची भट्टी एकदा तरी मुलांकडून बांधून घ्यावी.